नटाची मिळकत आणि आपली येणी

शिवाजी साटम यांच्याजवळ किती कोटी आहेत, या प्रश्नाचे उत्तर आज कोणीही मोबाईलवर दोन मिनिटांत काढून दाखवतो. एका ठिकाणी एक आकडा असतो, दुसऱ्या ठिकाणी दुसराच. त्याखाली गाड्या, घरे आणि एका भागाचे मानधन. हे आकडे कोणी मोजले आणि कोणत्या वहीवरून मोजले, हे कोठेही लिहिलेले नसते. निवडणुकीला उभे राहणाऱ्याला मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नटाला ते द्यावे लागत नाही, आणि लागूही नये. तेव्हा हे आकडे म्हणजे पारावरच्या गप्पाच, फक्त टंकलिखित. तरी आमच्या महाविद्यालयातील मुले ते एकमेकांना मोठ्या खात्रीने सांगतात. यांतल्या पुष्कळांचे आईवडील कळमनुरीच्या आसपासच्या हळदीच्या आणि सोयाबीनच्या रानांत रोजाने जातात. दूरच्या माणसाची दौलत तोंडपाठ, आणि आपल्या आईचा रोज किती हे विचारले की मान खाली, ही अवस्था कोणत्या संस्कृतीने घडवली, याचाही विचार कधीतरी व्हावा.

परंतु मुलांचा प्रश्न मी थट्टेवारी नेत नाही. नटाची मिळकत हा समीक्षेचा विषय आहे; फक्त ती बँकेच्या पुस्तकात शोधून भागत नाही. 'सी.आय.डी.' ही मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. पंधराशेहून अधिक भाग झाले. वीस वर्षे एकच माणूस पोलिस होऊन देशभरच्या घरांत शिरत राहिला आणि घरांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. हा विश्वास हीच साटम यांची खरी मिळकत होय. माझे म्हणणे असे आहे की, या मिळकतीत ज्यांना पोलिस ठाण्याच्या पायरीवर तासन्‌तास उभे राहावे लागले त्यांचे, म्हणजे आपले, काही येणे निघते. ते कोणाकडून निघते याचा हिशेब आपण मांडलेला नाही. दलित समीक्षेने कविता तपासली, आत्मकथने तपासली, नाटक थोडेफार तपासले. पण आपल्याच वस्तीत रात्री दहा वाजता जे प्रत्यक्ष पाहिले जाते ते 'करमणूक' म्हणून सोडून दिले. प्रस्थापित समीक्षकाने त्याकडे नाक मुरडले तर समजू शकते. आपण कशासाठी मुरडावे?

साटम यांचा जन्म १९५० चा, म्हणजे संविधान अमलात आले त्या वर्षाचा. मुंबईत सेंट्रल बँक ऑफ इंडियात त्यांनी नोकरी केली, रोखपालाच्या खिडकीमागे बसले, आणि नाटकाची वाट त्यांना बँकेमुळेच सापडली. आंतरबँक नाट्यस्पर्धेतले त्यांचे काम बाळ धुरी यांच्या नजरेस पडले (हेच पुढे 'रामायण' मालिकेतले दशरथ), आणि 'संगीत वरद' या नाटकातून त्यांना व्यावसायिक रंगभूमीवर पाय ठेवता आला. मग दूरदर्शन आले, चित्रपट आले. बँकेतली नोकरी मात्र त्यांनी लगेच सोडली नाही. बरीच वर्षे दोन्ही चालू ठेवले.

'साधा बँक कर्मचारी ते कोट्यधीश नट' अशी चमत्कारकथा यावर रचली जाते. त्यात चमत्कार काही नाही. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. सेंट्रल बँक त्यांपैकी एक. ठरलेला पगार, ठरलेली सुटण्याची वेळ, भविष्यनिर्वाह निधी, पाठीशी युनियन आणि बँकांच्या आपापसातील स्पर्धा, एवढ्या पायावर मुंबईच्या मराठी मध्यमवर्गाने आपली हौशी रंगभूमी उभी केली. अमोल पालेकरही बँक ऑफ इंडियात होते. नट उपाशी राहून मोठा होतो ही कल्पना फार रम्य आहे. प्रत्यक्षात या पिढीचे पुष्कळ नट महिन्याच्या पगारावर मोठे झाले. म्हणजे आज ज्या दौलतीची चर्चा होते तिचा पहिला हप्ता सार्वजनिक मालकीच्या एका संस्थेने भरला होता. याबद्दल साटम यांना दोष देण्याचे कारण नाही. उलट अशा नोकऱ्या कमी होत चालल्या असताना हे ठळकपणे सांगितले पाहिजे.

त्याच राष्ट्रीयीकरणानंतर राखीव जागांमुळे आपल्याही काही घरांत पहिला पगार आला. आमच्या नात्यातील एक गृहस्थ असेच बँकेत लागले. कचेरी सुटल्यावर ते कोठे जात असत? गावाकडून कोणी आजारी माणूस आणलेला असे, त्याच्याबरोबर सरकारी दवाखान्यात. कोणाच्या पोराची फी थकलेली असे, त्याच्या वसतिगृहात. विहाराची वर्गणी, धाकट्या भावाचे लग्न, थोरल्याचे सावकारी कर्ज. एका पगारावर अकरा माणसे बसलेली असताना तालमीला जायची संध्याकाळ शिल्लक राहत नाही. खिडकी तीच, पगार जवळजवळ तोच, पण पाच वाजल्यानंतरचे आयुष्य निराळे. 'संधी सर्वांना सारखी होती' असे म्हणणाऱ्यांनी हा पाच वाजल्यानंतरचा फरक पाहिलेला नसतो.

आपल्याकडे नट नव्हते असे नाही. जलसे होते. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' उभे राहिले, आणि १९५६ साली नागपुरात धर्मांतराच्या प्रसंगी ते हजारोंच्या समुदायापुढे झाले. प्रेमानंद गज्वी यांच्या 'घोटभर पाणी' या एकांकिकेचे प्रयोग गावोगाव, मिळेल त्या ओट्यावर झाले. या प्रयोगांत काम करणाऱ्यांना कोणी बाळ धुरी भेटला नाही, कारण त्यांची स्पर्धा ज्या वाटेवर होती त्या वाटेने निर्माते जात नसत. विठाबाई नारायणगावकर या मातंग समाजातल्या तमाशा-कलावतीला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, एकदा नव्हे दोनदा; २००२ साली त्या गेल्या तेव्हा अखेरच्या आजारातही पैशाची ओढाताण सुटलेली नव्हती. आज त्यांच्या नावाने शासन जीवनगौरव पुरस्कार देते. कलावंताची दौलत म्हणजे काय, हे विचारणाऱ्या मुलांना मी ही दोन नावे शेजारी शेजारी ठेवून दाखवतो.

आता मालिकेकडे. दिग्दर्शक बी. पी. सिंग यांच्याशी साटम यांची गाठ 'सी.आय.डी.'च्या आधीची. मुंबई दूरदर्शनवर त्यांची 'एक शून्य शून्य' ही मराठी पोलिसकथांची मालिका लागत असे. शंभर हा त्या वेळचा पोलिस नियंत्रण कक्षाचा क्रमांक. (आता तो ११२ झाला आहे. क्रमांक बदलला म्हणून गाडी लवकर येते, असा अनुभव मात्र आमच्या भागात नाही.) या मराठी मालिकेतला पोलिस बराचसा मुंबईच्या रस्त्यावरचा होता. हिंदीत जाताना त्याचे रूप पालटले. मालिका उपग्रह वाहिनीवर गेली, तपास प्रयोगशाळेत गेला, आणि खून बहुतेक बंगल्यांत होऊ लागले. वारसा, विमा, व्यापारातील भागीदारी, प्रेमप्रकरण ही कारणे. ज्याच्याजवळ काही आहे त्याचाच खून होतो आणि त्याच्याच खुनाचा तपास होतो, हे या मालिकेचे अर्थशास्त्र.

साटम यांच्या अभिनयाचे श्रेय मी कमी करू इच्छित नाही. कथा अनेकदा पोरकट असत. मुखवटे काढले की दुसराच चेहरा, नळीतले पाणी निळे झाले की गुन्हेगार सापडला. हे सगळे एका माणसाच्या चेहऱ्यावर तोलून धरले गेले. किंचित वाकलेली मान, अर्धवट मिटलेले डोळे, हवेत फिरणारी पाच बोटे, आणि 'गडबड आहे' असे म्हणताना आवाजात येणारा थकवा. या माणसाला धावायला लागत नाही, ओरडायला फारसे लागत नाही. तो फक्त समोरच्याकडे पाहतो. मला या पाहण्यात रोखपाल दिसतो. नोट उजेडात धरून, क्षणभर थांबून, गिऱ्हाइकाकडे एक नजर टाकून मग ती गल्ल्यात टाकणारा किंवा परत सरकवणारा. ही नजर नाट्यशाळेत शिकवून येत नाही. हिंदी पडद्यावरच्या पोलिसाला या नटाने मर्दुमकीतून काढून कारकुनी संशयात आणले, आणि म्हणूनच तो मध्यमवर्गाला आपला वाटला. हे काम मोठे आहे. 'उत्तरायण' (२००४) या मराठी चित्रपटात नीना कुलकर्णी यांच्यासमोर उतारवयातल्या एकट्या पुरुषाचे काम त्यांनी ज्या संयमाने केले आहे ते पाहिले, म्हणजे मालिकेने या नटाचा किती थोडा भाग वापरला हेही कळते.

परंतु आपल्याला जास्त सांगण्यासारखा चित्रपट 'वास्तव' आहे. १९९९ चा. म्हणजे दूरचित्रवाणीवर साटम पोलिस अधिकारी होऊन वर्ष-दीड वर्ष झालेले. या चित्रपटात ते चाळीतल्या कुटुंबातले वडील आहेत, ज्यांचा मुलगा गुंड होतो. त्या बापाच्या खांद्यांकडे पाहावे. दारावर थाप पडली की ज्याचे आतडे गोळा होते असा हा माणूस आहे. एकच चेहरा, एकच वर्ष. मोठ्या पडद्यावर दाराच्या आतला, लहान पडद्यावर दाराबाहेरचा. लहान पडद्यावर तो सहकाऱ्याला दार तोडायला सांगतो आणि दया लाथ घालून ते तोडतो. या दृश्यावर देशभर विनोद झाले, अजून होतात. दार तोडण्यावर हसता येणे ही एक सवलत आहे. ज्यांच्या वस्तीत पहाटे धरपकडीसाठी गाड्या येतात, त्यांच्याकडे ते दृश्य वेगळ्या तऱ्हेने पोचते. आमच्या घराला दार होते, पण कडी कच्ची होती. लाथेची गरज पडली नसती.

आणखी एक बाब. एसीपी प्रद्युम्न यांचे आडनाव काय? मी वर्गात विचारले. एकालाही सांगता आले नाही, कारण मालिकेने ते कधी ठसवलेच नाही. दया, अभिजीत, प्रद्युम्न, सगळे नुसत्या नावाने. मराठवाड्यात माणसाला दुसरा प्रश्न आडनावाचा विचारला जातो, आणि पहिला प्रश्न गावाचा असला तरी तो आडनावासाठीच असतो. अशा प्रदेशात बिनआडनावाचा पोलिस हे एक स्वप्नच म्हटले पाहिजे. माझ्या काही विद्यार्थ्यांना प्रद्युम्न आवडतो तो याच कारणाने. तो कोणाचाच नाही म्हणून आपलाही असू शकतो. मला यातले आकर्षण कळते. पण लेखकाने आडनाव काढून टाकले म्हणजे जात निघून जात नाही, ती कथेतून निघून जाते. आडनाव विचारले जाणारच नसेल तर आडनावावरून घडणारा गुन्हाही त्या जगात घडू शकत नाही. तिथे विहिरीवरून भांडण नाही, मिरवणुकीवरून दगड नाही, प्रेमविवाहावरून मुलाचा खून झाला तर तो बापाच्या रागामुळे होतो, जातीमुळे नव्हे. निदान मी जे शेकडो भाग पाहिले त्यांत जातीवरून घडलेला गुन्हा जात म्हणून उच्चारलेला मला आढळला नाही.

यातली विसंगती अशी की, प्रद्युम्न ज्या हुद्द्यावर आहे तोच हुद्दा आपल्या कायद्यात नावानिशी आलेला आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याखालचे नियम १९९५ चे. नियम ७ सांगतो की, या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलिस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये. जिल्ह्यात ज्याला उपअधीक्षक म्हणतात, त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याला मुंबईसारख्या आयुक्तालयाच्या शहरात सहायक पोलिस आयुक्त म्हणतात. सहायक पोलिस आयुक्त म्हणजेच एसीपी. आपल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे झगडून हा दर्जा नियमात घालून घेतला, कारण खालच्या पातळीवर तपास दाबला जातो हे त्यांना ठाऊक होते. दूरचित्रवाणीवर नेमका त्या दर्जाचा अधिकारी वीस वर्षे वावरला आणि त्याच्या टेबलावर ही फाईल आली नाही. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध एसीपीला हा कायदा माहीत नाही! येणी म्हणतो ती ही.

या जागी माझ्या घरचा एक प्रसंग सांगतो. बांधावरून वडिलांना मारहाण झाली, शिवी जातीवरून होती. मी तेव्हा बारावीत होतो. वडिलांबरोबर एका ठाण्यात गेलो. ठाणे कोणते हे येथे महत्त्वाचे नाही, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला आपापले ठाणे आठवेलच. टेबलामागच्या माणसाने आधी आडनाव विचारले, मग गाव, आणि मग 'कशाला वाढवता?' दुपारी बारा ते संध्याकाळी सहा आम्ही बाकावर होतो. शेवटी अदखलपात्र नोंद झाली, शिवीचे शब्द वगळून. त्या आठवड्यातही शेजारच्या घरी, जिथे छत्री बसवलेली होती, आम्ही मालिका पाहिलीच. वडिलांनीही पाहिली. प्रद्युम्नने खुनी पकडला तेव्हा ते समाधानाने उठले. माझ्या मनात हा प्रसंग राहिला तो त्या समाधानासाठी. ज्या माणसाला खऱ्या ठाण्यात सहा तासांत न्यायाचा एक शब्द मिळाला नाही, त्याला पाऊण तासात खोट्या ठाण्यातून तो मिळाला. हे दुखणे बरे करणारे औषध म्हणायचे, की दुखणे जाणवू न देणारे?

मालिकेतला न्याय कोणत्या मार्गाने मिळतो तेही पाहावे. संशयिताला एक थप्पड बसते, तो बोलू लागतो, सगळे कबूल करतो, एसीपी त्याला फाशीचे भाकीत सांगतात, संपले. पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी सक्त मार्गदर्शक सूचना दिल्या त्या डिसेंबर १९९६ मध्ये. मालिका सुरू झाली त्यानंतर तेरा महिन्यांनी. न्यायालय कोठडीतील मारहाण थांबवू पाहत होते त्याच काळात थप्पड ही घराघरांतली गंमत झाली. पारधी, वडार, कैकाडी यांच्या वस्त्यांत ही थप्पड कोणाच्या गालावर पडते हे सांगायला नको. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. संशय रद्द झाला नाही. मालिकेत थप्पड नेहमी खऱ्या गुन्हेगारालाच बसते, म्हणून ती न्याय्य वाटते. प्रत्यक्षात ती आधी बसते आणि गुन्हेगार कोण ते नंतर ठरते.

तारखांची मला खोड आहे, वाचकांनी क्षमा करावी. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. काही दिवसांतच लोकशाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष काढला. आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला २००९ साली जन्मठेप सुनावली गेली आणि पुढे जामीनही मिळाला. गोळीबारानंतर सहा महिने आणि दहा दिवसांनी त्याच मुंबईतल्या पोलिसांची ही मालिका सुरू झाली. कोणी कट केला असे मी सुचवत नाही. वाहिन्यांना रमाबाई नगर ठाऊक तरी होते की नाही कोण जाणे. पण शहराला त्या वेळी विश्वास ठेवता येईल असा पोलिस हवा होता, आणि शहराने तो खऱ्या चौकीत न शोधता पडद्यावर करून घेतला. रमाबाई नगरची कथा सांगायला आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' यावा लागला, तो २०११ साली. लोकशाहीर आणि पोलिस यांचे खरे नाते कथापटात दिसायला चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) यावा लागला, आणि त्यात शाहिराचे काम वीरा साथीदार या चळवळीतल्या माणसाने केले. २०२१ साली ते करोनात गेले. त्यांच्या संपत्तीचा आकडा मोबाईलवर कोणी शोधलेला मला माहीत नाही.

दुसरी तारीख आपल्या दारातली. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधी आम्ही परभणीचेच. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि त्यानंतर पोलिसांनी वस्त्यांत शिरून मारहाण केल्याच्या तक्रारी बायाबापड्यांनी उघडपणे मांडल्या. धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी सापडला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. बरोबर सहा दिवसांनी, २१ डिसेंबरला, 'सी.आय.डी.' सहा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली, आणि माझ्या वर्गातल्या मुलांच्या मोबाईलवर एकाच दिवशी दोन्ही चित्रे होती: परभणीचा मोर्चा आणि साटम यांचा परतलेला चेहरा. कोठडीतील मृत्यूचा तपास आपल्या राज्यात सी.आय.डी.कडे जातो. हाही गेला. सोमनाथच्या आईला पोलिसांवर गुन्हा नोंदवून घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले. जुलै २०२५ मध्ये तसा आदेश झाला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. एका आईला जे नोंदवून घ्यायला सात महिने लागले, ते मालिकेत जाहिरातींच्या आधीच उरकते.

माझे एक सहकारी या सगळ्यावर म्हणतात, सर, तुम्ही मालिकेवर फार ओझे टाकता. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. पहाटे पाच वाजता कळमनुरीहून हिंगोलीकडच्या रस्त्याने पाहिले तर धुक्यात पोरे आणि पोरी धावताना दिसतात. सगळी पोलिस भरतीची. हिंगोलीला राज्य राखीव पोलिसांचा गट क्रमांक १२ आहे, त्यामुळे खाकी येथे रोज डोळ्यांसमोर असते. या धावणाऱ्यांत आपल्या वस्तीतली पोरे पुष्कळ आहेत. एका मुलीने मला सांगितले, की बाईमाणूस पँट घालून गुन्हेगाराची कॉलर धरते हे तिने पहिल्यांदा याच मालिकेत पाहिले, आणि त्या दिवशी तिने घरी सांगितले, मी शिवणक्लासला जाणार नाही. हे मी कोणत्या रकान्यात लिहू? जमेच्या, हे उघड आहे. पण हीच मुलगी उद्या बंदोबस्तात एखाद्या रमाबाई नगरासमोर उभी राहील, तेव्हा तिला काय आठवावे? मालिकेने तिला काठी कशी धरायची ते दाखवले. समोरची वस्ती कोणाची आहे ते दाखवले नाही. ते दाखवणे आपले काम होते, आणि तेवढ्या आवाजात आपण ते केले नाही.

येणी कोणाकडून वसूल करायची, हा प्रश्न उरतो. साटम यांच्याकडून नव्हे. मालिकेतला नट हा अखेर रोजंदारीवरचा माणूस आहे. त्या धंद्यात मोबदला दिवसाच्या हिशेबाने ठरतो आणि पैसे हातात पडायला बहुधा तीन महिने लागतात. रोज मोठा आहे, हाजिरी तीच. २०१२ च्या दुरुस्तीने प्रतिमुद्राधिकार कायद्यात कलावंताला स्वामित्वधनाचा हक्क कागदावर मिळाला, पण चेहरा कोणाच्या मालकीचा हे एप्रिल २०२५ मध्ये दिसले. वाहिनीने प्रद्युम्नला स्फोटात मारून टाकले आणि श्रद्धांजलीही वाहून मोकळी झाली. आपल्याला याची नीट कल्पना दिलेली नव्हती असे साटम यांचे म्हणणे प्रसिद्ध झाले. प्रेक्षक चिडले, आणि काही आठवड्यांत मेलेला अधिकारी परत आला. पंचाहत्तरीच्या नटाला मारणे आणि जिवंत करणे हे दोन्ही दुसऱ्याच्या हातात. तेव्हा येणे निघते ते वाहिनीकडून आणि लेखकांच्या त्या खोलीकडून, जिथे पंधराशे खून सुचले आणि त्यांत आपला एकही सुचला नाही. अर्थात त्या खोलीत आपला कोणी बसलेला होता का, हेही विचारावे लागेल.

या सत्रात मी पदवीच्या मुलांना एक काम दिले. मालिकेचा कोणताही एक भाग पाहायचा, शेजारी प्रथम खबरी अहवालाचा कोरा नमुना ठेवायचा, आणि भागातली माहिती त्यात भरायचा प्रयत्न करायचा. फिर्यादीचे नाव, वेळ, ठिकाण, विलंबाचे कारण. बहुतेकांचे रकाने रिकामे राहिले. मालिकेत फिर्यादी बहुधा मेलेलाच असतो. आखाडा बाळापूरकडून येणारी एक मुलगी वहीत एवढेच लिहून आली: 'सर, या ठाण्यात दारातल्या टेबलावर बसणारा ठाणे अंमलदारच नाही.'